कॅनडा कॉर्नर

पत्ता सांगितला की रिक्षावाले हसायचे.
"कॅनडाचे, आणि राहायला कॅनडा कॉर्नर?
मग विमानाचे पैसे कशाला घातले, काका?"
आल्विन पेनरना हा विनोद कळायला दोन महिने लागले.
कळला तेव्हा जिन्यात बसून
एकटेच हसत होते, गुडघ्यावर थाप मारत.
मी दार उघडून बघितलं, काय झालं म्हणून.

अठरा महिन्यांसाठी आली होती दोघं, मिशनच्या कामाला.
ते बहात्तर, डोरीनबाई एकोणसत्तर.
गव्हाची शेती मुलाच्या हवाली करून.
बाईंनी चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
बर्फातून, उणे तिसात,
आणि इथे सिग्नलपाशी
माझा दंड सोडायच्या नाहीत पलीकडे पोचेपर्यंत.

मी खालची शेजारीण,
आठवड्यातून तीन दिवस त्यांची मराठीची मास्तरीण.
पैसे नको म्हटलं
तर माझ्याच चहाच्या बशीखाली ठेवून जायचे.

पहाटे साडेपाचला वर खुर्ची सरकायची.
मग बराच वेळ काहीच नाही.
एवढी शांतता माझ्या छतावर
दुसऱ्या कुठल्या भाडेकरूची नव्हती.
नंतर लापशी करपल्याचा वास. रोज.
त्यांना तशीच आवडत असावी.

नऊला आल्विन पान्यांची पिशवी घेऊन निघायचे
शरणपूरच्या बाजूला, दवाखान्यात,
चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायला.
"ट्रॅक्टर काय, खुर्ची काय," म्हणायचे,
"गंज दोन्हीकडे मेथडिस्ट नसतो, हिंदू नसतो."
हे वाक्य त्यांनी तीन दिवस पाठ केलं होतं.
बाई वसतिगृहातल्या मुलींना शिवण शिकवायच्या.
मुली त्यांना ळ शिकवायच्या. तो आला नाही.
शेवटपर्यंत त्या सकाळी "दोन केली" खात राहिल्या.

धर्माचं माझ्याशी एकदाच बोलणं झालं.
तुम्ही कुणाला प्रार्थना करता, त्यांनी विचारलं.
म्हटलं, गुरुवारी दत्ताला, एरवी जमेल तशी.
आल्विन म्हणाले, आमचंही जमेल तसंच आहे.

फेब्रुवारीत त्यांचा भाऊ गेला. तिकडे.
जमीन दगड झालेली, फावडं शिरत नाही,
वसंतात पुरतील, म्हणाले.
खाली रस्त्यावर गाड्यांवर द्राक्षांचे ढीग,
आणि हे सांगतायत की माणूस
थंडीत थांबून राहणार आहे मातीसाठी.
जायचं का, यावर दोन रात्री वर पावलं फिरली.
गेले नाहीत.
मी पिठलं-भाकरी घेऊन गेले,
म्हटलं, आमच्यात अशा घरी चूल पेटत नाही.
डोरीनबाईंनी गॅसकडे पाहिलं,
भांडं उतरवलं, आणि बटण बंद केलं.
दुसऱ्या दिवशी डबा परत आला,
रिकामा देऊ नये हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे,
द्राक्षं होती, एकेक देठापासून पुसलेलं.

त्याच आठवड्यात धडा होता: आम्ही आणि आपण.
त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द.
आल्विननी वहीत दोन वर्तुळं काढली,
एकात ती दोघं, मी बाहेर,
दुसऱ्यात तिघं, गर्दी करून.
"म्हणजे शब्द निवडताना
आधी माणूस बघायचा," ते म्हणाले.
मी एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं,
असं मला कधी सुचलं नव्हतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी दोन बॅगा जिन्यात.
"बाई, उद्या पहाटे चारला आपण निघणार."
लाल पेनाची सवय असलेली मी,
हात पदरातच ठेवला.
घरी गाडीला धक्का लागू नये म्हणून
पोह्यांचा डबा बाईंच्या कोटात गुंडाळला.

आता वर बँकेतला एक मुलगा राहतो.
उशिरा उठतो. लापशी नाही.
परवा रिक्षावाल्याने ओळखलं मला,
"ते कॅनडावाले काका कुठं असतात हो?"
कॅनडाला, म्हटलं.
तो हसला, मान हलवत.
मीटरचे सुटे दिले
आणि कॅनडा कॉर्नरला उतरले.